माणसे पाचपट, सिमेंट दहापट : बंगळूरची शेती कोणी गिळली?



शेतजमिनीच्या प्रश्नावर रेल्वे कामगारांच्या युनियनने लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. "तुम्ही बोनसचे बोला, आठव्या वेतन आयोगाचे बोला, जुन्या पेन्शनचे बोला, रागीच्या शेताशी आणि तळ्यातल्या गाळाशी तुमचा काय संबंध?" असा सवाल आम्हाला बंगळुरात आमच्याच सभेत विचारण्यात आला. संबंध आहे, आणि तो आमच्या क्वार्टरच्या नळापासून सुरू होऊन आमच्या यार्डाच्या कुंपणापर्यंत जातो. तो कसा, हेच येथे मांडायचे आहे.

प्रथम एका लबाडीचा समाचार घेऊ. बंगळुरात पाणी का पुरत नाही, तलावाला आग का लागते, दोन तास पाऊस झाला की रस्त्याची नदी का होते, भाजी साठ-सत्तर किलोमीटरवरून का आणावी लागते, असे कोणत्याही मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला विचारा. उत्तर ठरलेले आहे. "काय करणार, लोकसंख्या वाढली!" म्हणजे गुन्हेगार कोण? तर कलबुर्गी-रायचूरहून पोट भरायला आलेला गवंडी, झाडू मारणारी बाई, कपडे शिवणारी पोरगी, आणि बदली होऊन आलेला आमचा गँगमन. खाणारी तोंडे वाढली म्हणून शेते गेली, असा हा हिशेब. हा हिशेब खोटा आहे आणि तो खोटा असल्याचे आकडे सरकारच्याच घरचे आहेत.

१९७१ च्या जनगणनेत बंगळूरची वस्ती साडेसोळा लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती ८५ लाखांच्या घरात गेली. म्हणजे चाळीस वर्षांत माणसे झाली पाचपट. ठीक. आता येथल्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला हिशेब पाहा. १९७३ ते २०१३ या जवळजवळ त्याच चाळीस वर्षांत बांधकामाखाली, डांबराखाली आणि फरशीखाली गेलेली जमीन वाढली सुमारे दहापट. जलाशयांचे क्षेत्र घटले सुमारे ७९ टक्क्यांनी. माणसे पाचपट आणि सिमेंट दहापट! मग उरलेले पाचपट सिमेंट कोणासाठी ओतले? गवंड्यासाठी? तो तर पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. गँगमनसाठी? त्याच्या क्वार्टरचे छत गळते आणि दुरुस्तीचा अर्ज वर्षभर फिरतो. हे सिमेंट गेले रिकाम्या ठेवलेल्या प्लॉटांच्या रस्त्यांत, दोघांसाठी बांधलेल्या बंगल्यांत, काचेच्या टॉवरखालच्या तीन-तीन मजली पार्किंगमध्ये, गोल्फच्या मैदानांभोवतीच्या वसाहतींत. लोकसंख्येचे नाव पुढे करायचे आणि जमिनीचा व्यापार मागे चालवायचा, हा तो डाव आहे. लोकसंख्या वाढीचा प्रश्न नाहीच असे आम्ही म्हणत नाही. पण पाचपट माणसांची सोय पाचपट जमिनीत, किंबहुना नेटकेपणे केली तर त्याहून कमी जमिनीत होते, हे चाळीत वाढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

हे शहर मुळात कसे वसले ते महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगणे भाग आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच, पठाराच्या पाठीवर बसलेले. मोठी नदी नाही. पाऊस वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर. अशा जागी १५३७ साली केंपेगौडाने गाव वसवले ते तळ्यांच्या भरवशावर. एक तळे भरले की ओसंडून पाणी खालच्या तळ्यात, तेथून त्याच्या खालच्या तळ्यात, अशी साखळी. मधल्या पाटांना येथे राजकालुवे म्हणतात. तळ्याखाली भात, वरच्या अंगाला रागी, कडेला भाजी. तळ्याची मोरी कधी उघडायची आणि कोणाच्या शेताला किती पाणी सोडायचे हे पाहणारा गावकामगार होता, त्याला नीरगंटी म्हणत. आपल्या पोस्टमन भावांना ही गोष्ट लवकर कळेल, कारण या शहराचे पत्तेच ती सांगतात. 'केरे' म्हणजे तळे, 'हळ्ळी' म्हणजे गाव, 'पाळ्य' म्हणजे वाडी, आणि 'संद्र' हा समुद्राचा अपभ्रंश, म्हणजे मोठे तळे. अमुक केरे, तमुक संद्र, चौथा क्रॉस, सातवा मेन असे पत्ते वाचत पोस्टमन हिंडतो. पत्त्यात तळे आहे, जागेवर नाही.

आमच्या सिटी स्टेशनसमोर मॅजेस्टिकचा मोठा बस स्टँड आहे. उद्यान एक्सप्रेसने उतरणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. तो धर्मांबुधी तळ्याच्या पोटात बांधलेला आहे. कंठीरवा स्टेडियम संपंगी तळ्यात. हॉकीचे मैदान अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यात. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले क्रीडाग्राम कोरमंगल तळ्यात. बघा, यातले एकही गरिबाच्या झोपडीने बुजवलेले नाही! सरकारने बुजवले, सरकारी शिक्क्यानिशी बुजवले. मग खाजगी धनदांडग्यांनी तोच कित्ता गिरवला तर त्यांना बोट कोण दाखवणार? कुंपणच शेत खाते म्हणतात ते हे.

याचे भोग काय झाले? जी तळी उरली ती गटारे झाली. बेळ्ळंदूर हे शहरातले सर्वांत मोठे तळे. त्यात शहराचे मैलापाणी इतके साचले की मे २०१५ मध्ये त्यावरच्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग, जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा, आणि ती विझवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. पाण्याला आग लागते हे आम्ही पुराणातही वाचले नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच पट्ट्यात पाऊस झाला, पाटांवर इमारती उभ्या असल्याने पाणी वाट शोधत बंगल्यांत शिरले, आणि लाखालाखाचे पगार घेणारे साहेब लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऑफिसला गेले. ज्या शेतकऱ्याला त्या जमिनीवरून हाकलले त्याचाच ट्रॅक्टर शेवटी कामाला आला! दीड वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, त्याच शहरात पिण्याचे पाणी नाही. शहरातल्या सुमारे चौदा हजार सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० आटल्याचे खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी सांगितले. टँकरवाल्यांनी मनमानी सुरू केली, तेव्हा प्रशासनाला बारा हजार लिटरच्या टँकरचा दर पाच किलोमीटरच्या आत एक हजार रुपये असा बांधून द्यावा लागला. दर कागदावर बांधला गेला. चाळीत आणि वस्तीत तो कोणाला कितीला पडला ते तेथे राहणाऱ्यांना विचारा.

पाणी आणतात कोठून? पूर्वी हेसरघट्ट्याहून, १८९४ पासून. मग १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीहून. दोन्ही अर्कावती नदीवर. अर्कावतीच्या पाणलोटात प्लॉट पडले, खडीच्या खाणी झाल्या, बोअर खोदले गेले आणि नदी आटली. आता सारे ओझे कावेरीवर. १९७४ पासून तिचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून शहरात आणले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने कर्नाटकाला जादा दिलेल्या १४.७५ टीएमसी पाण्यात ४.७५ टीएमसी बंगळूरच्या पिण्यासाठी धरले आहे. शहर कावेरी पिते, आणि तिचे मैलापाणी करून वृषभावतीतून बिडदीजवळच्या भैरमंगल तळ्यात सोडते. तेथला शेतकरी त्या काळ्या पाण्यावर गवत आणि तुती पिकवतो, त्या गवतावरच्या गाईचे दूध पुन्हा शहरात येते. आता त्याच भैरमंगल-बिडदी भागात नवे उपनगर बसवण्यासाठी सुमारे नऊ हजार एकर जमीन घेण्याचा घाट २०२५ मध्ये घातला गेला. आधी त्यांचे पाणी नासवले, आता जमीनच मागतात.

जमीन जाते कशी, याच्या तऱ्हा समजून घेतल्या पाहिजेत. कारण सगळ्या तऱ्हांत सरकार बुलडोझर घेऊन येत नाही.

एक तऱ्हा सरकारी. २०१३ चा केंद्राचा भूसंपादन कायदा सांगतो की खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के कुटुंबांची संमती हवी आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास हवा. हा कायदा शेतकऱ्यांनी रक्त सांडून मिळवला. पण कर्नाटकात १९६६ चा औद्योगिक क्षेत्र विकास कायदा आहे. त्याखाली मंडळाने नोटीस काढली की संमती नाही, अभ्यास नाही. ही नोटीस घेऊन दारात कोण जातो? पोस्टमन. सहीसाठी कागद पुढे करतो आपला माणूस, आणि म्हातारा विचारतो, "पोस्टमनसाहेब, यात काय लिहिलंय?" त्याला काय सांगायचे?

दुसरी तऱ्हा लेआउटची. बंगळूर विकास प्राधिकरणाने २००३ मध्ये सोळा खेड्यांतल्या ३,३३९ एकरांवर अर्कावती लेआउटची नोटीस काढली. ज्या नदीचा जीव घेतला तिचेच नाव लेआउटला दिले, हा आणखी एक निर्लज्जपणा. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, कोणाकोणाची जमीन वगळायची यावरून घोटाळ्याचे आरोप झाले, २०१४ मध्ये चौकशी आयोग बसला. या साऱ्या काळात शेतकऱ्याला धड पेरता आले नाही आणि प्लॉटसाठी पैसे भरलेल्याला धड घर बांधता आले नाही. बाहेरून जाणाऱ्या वळणरस्त्याचीही तीच कथा. मूळ आराखड्यात शंभर मीटर रुंद असलेल्या या रस्त्यासाठी २००७ साली जमिनीवर शिक्का बसला. त्या सातबाऱ्यावर, येथे त्याला पहाणी म्हणतात, ना कर्ज मिळाले ना गिऱ्हाईक. तेव्हा शाळेत असलेली पोरे आज बाप झाली आहेत. रेल्वेवाले म्हणून आम्ही एक गोष्ट सांगतो. दुहेरी रूळमार्गाला त्या रुंदीचा तिसरा हिस्साही लागत नाही, आणि माणसे वाहायची ताकद रस्त्याच्या कितीतरी पट. बंगळूरला उपनगरी रेल्वे हवी ही मागणी १९८० च्या दशकापासूनची. मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२० मध्ये, कोनशिला बसली जून २०२२ मध्ये, १४८ किलोमीटर, चाळीस महिन्यांत पूर्ण करण्याचे आश्वासन. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते चाळीस महिने संपले तेव्हा एकही मार्ग सुरू झालेला नव्हता. रूळ टाकायला यांना वेळ लागतो. शेतातून शंभर मीटरचा पट्टा आखायला मात्र लागत नाही.

तिसरी तऱ्हा कायद्याची, आणि ती सर्वांत घातक. १९७४ साली देवराज अर्स यांच्या सरकारने कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात आणले आणि कुळांना मालक केले. त्याच भूसुधारणा कायद्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येणार नाही अशी कलमे होती, ७९-अ आणि ७९-ब. २०१५ मध्ये उत्पन्नाची मर्यादा दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेऊन ती ढिली केली. आणि २०२० मध्ये, माणसे कोरोनाच्या भीतीने घरात कोंडलेली असताना, वटहुकूम काढून ही कलमे मुळासकट उपटली. आता ज्याच्या खिशात पैसा तो जमिनीचा धनी. डोक्यावर बंदूक न ठेवता, एकही मोर्चा न अडवता जमीन हातची जाते. "शेतकरी स्वखुशीने विकतो" असे म्हणणारे शहाणे भेटतात. बोअर हजार फूट खाली गेला, रागीला भाव नाही, मजूर मिळत नाही, शेजारच्या दोन शेतांना तारेचे कुंपण पडले, पाट बुजला, मग विकतो. याला स्वखुशी म्हणत असाल तर आपल्यातला कंत्राटी कामगारही स्वखुशीनेच अर्ध्या पगारात राबतो म्हणावे लागेल.

जाता जाता एक आठवण. मराठी माणसाचे या शहराशी नाते जुने. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६८७ मध्ये ते मोगलांच्या हाती पडले आणि त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांना देऊन टाकले. आज तीन लाखांत या शहरात स्कूटर उभी करण्याएवढी जागा मिळाली तरी नशीब.

आता थोडे कडू बोलतो. वाचकांनी राग मानू नये. जमिनीच्या या व्यापारात कामगारांचे नाव वापरले गेले आहे आणि अजून वापरले जाते. १९८० च्या दशकात बंगळुरात कामगार-कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण सोसायट्यांचे पीक आले. सोसायटी कामगारांच्या नावाची, जमीन सरकारने शेतकऱ्याकडून सक्तीने घेतलेली, आणि मधला मलिदा दलालांचा. एच. एम. टी. कर्मचाऱ्यांच्या सोसायटीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जमीन संपादन करून देण्यासाठी पैसे घेऊन मध्यस्थ नेमला होता हे उघड झाले, आणि १९९५ मध्ये कोर्टाने ते संपादनच रद्द ठरवले. कामगाराला घर हवे, हे खरे. पण शेतकऱ्याच्या मानेवर पाय देऊन मिळालेले घर दलालाचे कल्याण करते, कामगाराचे नाही.

आजची तऱ्हा 'रेव्हेन्यू साइट'ची. बिगरशेती न झालेल्या शेताचे तुकडे पाडायचे, चुन्याने रेघा मारायच्या, कमान उभारायची आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला गाठायचे. रेल्वेत आणि पोस्टात महिनाअखेरीस कोण निवृत्त होतो याची यादी या एजंटांकडे आमच्याआधी असते. पी. एफ., ग्रॅच्युइटी, कम्युटेशन सगळे एका तीस-चाळीसच्या प्लॉटमध्ये. मग कळते की 'बी' खात्यात नोंद आहे, बँक कर्ज देत नाही, गटार नाही, पाणी नाही, आणि नकाशावर तेथून राजकालुवे जातो. उद्या अतिक्रमण पाडायला यंत्र येईल तेव्हा पहिले पाडतील ते या निवृत्त ट्रॅकमनचे घर. पाटावरचा टॉवर नव्हे. तेव्हा शेत तोडून केलेला प्लॉट घेऊ नका, हे आम्ही सभासदांना पदर पसरून सांगतो. नैतिकता बाजूला ठेवा, तुमचा पैसा बुडेल म्हणून सांगतो.

माणसे या शहरात येतात का, हेही पाहा. उद्यान एक्सप्रेसच्या जनरल डब्यात कलबुर्गी, यादगीर, रायचूरला जी गर्दी चढते ती कोणाची? पाठीवर बोचके, हातात डबा, कडेवर पोर. कोरडवाहू शेतीने हाकललेली ही माणसे. तिकडे शेती परवडू द्यायची नाही म्हणून ती येथे येतात, येथे शेत बुजवून चाललेल्या बांधकामावर विटा वाहतात, आणि मग साहेब म्हणतात लोकसंख्या वाढली. एका शेतकऱ्याला उठवून दुसऱ्या शेतकऱ्याच्या शेतात गवंडी म्हणून उभा करायचा, असा हा कारखाना आहे.

कारखान्यावरून आठवले. एच. ए. एल., आय. टी. आय., एच. एम. टी., बी. ई. एल. यांच्यासाठी याच मातीने जागा दिली. सरकारी कारखाना येणार, पोराला नोकरी लागणार, देश उभा राहणार, या भरवशावर दिली. त्याच कारखान्यांच्या लाखाहून अधिक कामगारांनी १९८०-८१ मध्ये सत्त्याहत्तर दिवसांचा संप केला, तो आमच्या पिढीला आठवतो. पुढे एन. जी. ई. एफ. बंद, एच. एम. टी.चे घड्याळ बंद. कारखाना ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण संपले. जमीन शेतकऱ्याला परत गेली का? मुंबईत काय झाले ते गिरणगावच्या वाचकांना सांगायला नको. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश शहराला, एक-तृतीयांश म्हाडाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने 'फक्त मोकळी जागा' असे शब्द घालून तो वाटा चिमटीत आणला. उरणला जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमिनीची गोष्ट सुरू झाली. पुरंदरला विमानतळासाठी सात गावांवर २०२५ मध्ये तीच पाळी आली. गाव बदलते, नोटिशीचा मजकूर तोच.

आणि आता आमच्या यार्डाच्या कुंपणाकडे या. देशात रेल्वेकडे पावणेपाच लाखांहून अधिक हेक्टर जमीन आहे. ती आकाशातून पडलेली नाही. शेतकऱ्यांकडूनच, सार्वजनिक कामासाठी म्हणून, बहुधा इंग्रजांच्या काळात कवडीमोलाने घेतलेली. तिच्यातल्या पडीक पट्ट्यांवर 'ग्रो मोअर फूड' योजनेखाली आपल्याच तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या कामगारांनी भाजी पिकवली. ती योजना आता ठिकठिकाणी गुंडाळली जात आहे. तिच्या जागी काय? रेल्वे भूमी विकास प्राधिकरण. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मालमत्ता भाड्याने देऊन सहा लाख कोटी उभे करण्याची योजना जाहीर केली. त्यात रेल्वेचा वाटा सुमारे दीड लाख कोटी, त्यात ४०० स्टेशने आहेत, क्रीडांगणे आहेत आणि रेल्वे कॉलन्याही आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मालवाहतुकीच्या टर्मिनलसाठी रेल्वे जमिनीचे वार्षिक भाडे बाजारभावाच्या सहा टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणले आणि मुदत पस्तीस वर्षे केली. कंपनीला दीड टक्का, आणि कामगाराच्या क्वार्टरचे भाडे मात्र पगारातून दर महिन्याला कापून!

बंगळूर कॅन्टोन्मेंट स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. ८.६१ एकर जागा, जुनी क्वार्टर्स, जुनी झाडे. ती व्यापारी बांधकामाला देण्याचे ठरले आणि २०२५ मध्ये ३६८ झाडे तोडण्याची नोटीस लागली. शहरातल्या नागरिकांनी हरकतींचा पाऊस पाडला, ती जागा जैवविविधतेचा वारसा म्हणून राखा अशी मागणी केली. त्या झाडांखाली खेळून आपली पोरे मोठी झाली आणि झाडांसाठी आधी ओरडले बाहेरचे लोक. शेतकऱ्याची जमीन हा परक्याचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. कारण तुमच्या कॉलनीकडे बिल्डर ज्या नजरेने पाहतो ती रागीच्या शेताकडे पाहण्याच्याच नजरेची बहीण आहे. पोस्टाच्या भर बाजारातल्या इमारती आणि आवारांकडेही तीच नजर लागलेली आहे.

लढून काही होत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी देवनहळ्ळीचे उदाहरण पुरे. २००८ मध्ये तेथे विमानतळ सुरू झाला. त्याला सुमारे चार हजार एकर गेले. मग विमानाच्या भागांचे औद्योगिक क्षेत्र म्हणून चन्नरायपट्टण होबळीतल्या तेरा गावांची आणखी १,७७७ एकर जमीन मागितली. द्राक्षे, तुती, भाजी, फुले आणि दुधाचा हा प्रदेश. बहुतेक खातेदार थोड्या जमिनीचे, त्यांत दलित कुटुंबेही. ४ एप्रिल २०२२ रोजी गावकरी धरण्यावर बसले. सरकार बदलले; विरोधात असताना पाठिंबा देणारे सत्तेवर आले आणि भाषा बदलली. २५ जून २०२५ च्या 'देवनहळ्ळी चलो'त पोलिसांनी माणसे उचलली. तरी उठले नाहीत. कामगार संघटना, दलित संघटना, विद्यार्थी, लेखक असे सारे 'संयुक्त होराट'च्या झेंड्याखाली त्यांच्यामागे उभे राहिले. ९ जुलै २०२५ ला देशभर श्रमसंहितांविरुद्ध संप झाला, आणि त्याच आठवड्यात बंगळुरात कामगार आणि शेतकरी एकमेकांच्या घोषणा देत होते. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी हे संपादन सोडून दिल्याचे जाहीर केले. ११९८ दिवस! विमानाचे भाग दुसरीकडे बनवता येतील. तेरा गावांची माती दुसरीकडे बनवता येत नाही, एवढी साधी गोष्ट सरकारला पटवायला सव्वातीन वर्षे लागली. सावध राहावे लागेल, कारण 'स्वखुशीने' देणाऱ्यांची जमीन जास्त भावाने घेऊ अशी शेपटी त्या घोषणेला त्याच दिवशी जोडलेली आहे.

आमचे म्हणणे आता थेट मांडतो. फेडरेशनच्या पुढच्या अधिवेशनात जमिनीवर स्वतंत्र ठराव यावा. पगारवाढीच्या ठरावाच्या शेपटीला लटकवलेला नव्हे. रेल्वे आणि पोस्टाची मोकळी जमीन प्रथम उपनगरी रेल्वेला, कामगारांच्या क्वार्टरला आणि तळी-झाडे राखण्याला. व्यापारी भाड्याला नाही. जेथे मूळ काम संपले आहे आणि जमीन पिकाऊ आहे तेथे ती गावाला कसण्यासाठी द्यावी, असेही आम्ही मागतो. यावर फेडरेशनमध्ये मतभेद आहेत ते आम्हाला ठाऊक आहे, वाद घालायची तयारी आहे.

तोपर्यंत दौंड, मनमाड, मिरज, भुसावळ, सोलापूर, वर्धा, जेथे जेथे हे पान वाचले जाईल तेथील शाखांनी एक काम करावे. आपल्या स्टेशनभोवती, कॉलनीभोवती आणि पोस्टाच्या आवारात मोकळी जागा किती एकर-गुंठे, तिच्यात विहिरी आणि झाडे किती, कोणत्या सर्व्हे नंबरमधून आणि कोणत्या गावाची ती घेतली होती, आणि गेल्या दहा वर्षांत तिच्यातली कोणाला, किती मुदतीने आणि किती भाड्याने दिली, याची यादी करावी. इंजिनियरिंग खात्यातल्या आपल्या सभासदांकडे जमिनीचे नकाशे असतात. जेथे नकाशा दाखवत नाहीत तेथे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. यादी शाखा सचिवाच्या सहीने फेडरेशनच्या कचेरीत पाठवावी आणि एक प्रत ज्या गावाची जमीन होती त्या ग्रामपंचायतीला द्यावी.